मुक्काम हलल्यावर मागे काय राहतं?
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण)





दिंडीला शंभर वर्षं झाली. पूर्वजांच्या पुण्याईबद्दल मोठी मंडळी बोललीच आहेत. मी एवढंच विचारते : आपला मुक्काम हलल्यावर त्या जागेवर मागे काय राहतं?

आषाढी वारी येते ती ऐन पेरणीच्या दिवसांत. तरी मुक्कामाच्या गावचा शेतकरी आपल्यासाठी रान मोकळं ठेवतो. पहाटे राहुट्या काढून आपण निघतो. मागून तो औत धरतो, तेव्हा फाळाला द्रोण, कप, बाटल्या लागतात. खरकटं लागलेली पिशवी गाय अन्नासकट गिळते. प्लास्टिक पचत नाही, पोटात साठत जातं, आणि एक दिवस जनावर बसतं ते उठत नाही. गाईच्या पाया पडणाऱ्यांना हे शोभतं का? आणि उद्या तो शेतकरी म्हणाला, 'यंदा जागा नाही,' तर दिंडी उतरायची कुठं?

हिशेब करून बघा. तीनशे वारकऱ्यांची दिंडी धरा. दोन वेळची पंगत, अठरा दिवस. झाल्या १०,८०० पत्रावळ्या. तीन वेळचा चहा धरला तर १६,२०० कप. हे एका दिंडीचं झालं. पालखीच्या पुढं-मागं अशा किती दिंड्या आहेत, तुम्हीच जाणता.

कुणी म्हणेल, आम्ही कागदी कप वापरतो. माऊली, त्या कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा गळत नाही. चंदेरी द्रोणाचंही तेच. थर्माकोलच्या ताट-वाट्यांना तर राज्यात २०१८ पासून बंदीच आहे. पळसाच्या पानांची पत्रावळ मात्र मातीत मिसळून खत होते.

मग उपाय काय? आपल्या आजोबा-पणजोबांचाच. ज्याच्या त्याच्या पडशीत एक ताट, एक पेला. ताट पुसून, राख लावून घासायचं आणि तीन पातेल्यांत ओळीनं विसळायचं. मग पाणीही थोडं लागतं. कुणी दाता पंगत घालतो, त्याला नाही म्हणवत नाही. त्याला हात जोडून सांगायचं, 'भाकरी तुमची, ताट आमचं.' बाटल्या वाटणाऱ्याला म्हणायचं, 'माऊली, पाण्याचा टँकर उभा करा, आम्ही तांब्या घेऊन येतो.' दाता रागवत नाही, उलट त्याचा खर्च वाचतो.

दुसरी गोष्ट चंद्रभागेची. चंद्रभागा म्हणजे आपली भीमाच. पंढरपूरच्या खालीही तिच्या काठानं गावं आहेत, माणसं आहेत. स्नान करावं, पण साबण लावू नये. जुनी धोतरं-लुगडी, तसबिरी, नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेले हार पात्रात सोडू नयेत. फिरती शौचालयं उभी असतात, तिथंच जावं. वाळवंट कीर्तनासाठी आहे.

तिसरी गोष्ट झाडांची. पालखी मार्ग रुंद झाला, तेव्हा सावली देणारी जुनी झाडं गेली. तुकोबारायांनी झाडांना नातलग मानलं, मग नातलग गेल्यावर आपण स्वस्थ कसं बसायचं? पण चालता चालता रोप लावून फोटो काढला, एवढ्यानं झाड जगत नाही. मुक्कामाच्या मालकाला विचारून एकच वड किंवा कडुनिंब त्याच्या बांधावर लावावा, कुंपण करून द्यावं आणि पुढल्या वर्षी येऊन बघावा.

वारी पायी आहे, म्हणून तिच्यात धूर कमी. पण महिन्याच्या एकादशीला एकेक जण गाडी काढून निघतो, तेव्हा? गावातून एसटी आहे, मिरज-कुर्डुवाडी मार्गावर रेल्वे आहे. गाडी काढायचीच तर भरून काढावी. घरचं लग्न असो की सप्ताहाचा महाप्रसाद, ताट-पेल्याचा नियम तिथंही पाळावा.

गाडगेबाबांनी हातात खराटा धरला. ते पंढरपुरी जात आणि लोकांनी केलेली घाण झाडत. एवढा मोठा माणूस झाडायला लाजला नाही, तर आपल्याला लाज कसली?

म्हणून विनंती करते. एकशे एकाव्या वर्षी विणा उचलण्याआधी चोपदारांनी अर्धा तास द्यावा. सगळ्यांनी एका रांगेत रान वेचावं, पोती आपल्याच ट्रकवर चढवावीत, आणि मालकाला बोलावून म्हणावं, 'दादा, तुमचं रान बघून घ्या.' त्यानं मान हलवली की मगच टाळ वाजावा.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!