आधी श्रवण, मग प्रक्षेपण

(जालना येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा गोषवारा)



आपला जिल्हा ही समर्थांची जन्मभूमी. जांबच्या या महापुरुषाने दासबोधात श्रवणभक्तीवर स्वतंत्र समास लिहिला. नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाचाच आहे. महाविद्यालयीन रेडिओचा विचार करतानाही हाच क्रम ध्यानी ठेवावा.

आकाशलहरी समाजाच्या हाती सहजासहजी आलेल्या नाहीत. १९४२ च्या आंदोलनात २२ वर्षांच्या उषा मेहता यांनी शिक्षण बाजूला ठेवून मुंबईत सहकाऱ्यांसह गुप्त नभोवाणी केंद्र चालविले. सुगावा लागू नये म्हणून जागा वारंवार बदलावी लागे. १२ नोव्हेंबरला त्यांना अटक झाली. पुढे चार वर्षांची शिक्षा झाली. परकी सत्ता गेली, पण १८८५ चा तार कायदा राहिला आणि प्रक्षेपण शासनाच्याच मुठीत राहिले. त्याचे परिणाम देशाने आणीबाणीत अनुभवले.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. डिसेंबर २००२ मध्ये अटलजींच्या सरकारने शिक्षणसंस्थांना रेडिओ केंद्राची वाट मोकळी केली. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात ‘अण्णा एफएम’ सुरू झाले. माध्यमशास्त्राचे विद्यार्थीच तेथे कार्यक्रम तयार करू लागले. आपल्याकडे पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ उभी राहिली. २००६ मध्ये हा अधिकार स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही मिळाला.

अशा केंद्राची शक्ती साधारणपणे १०० वॅट, पल्ला काही किलोमीटरचा. निम्मे कार्यक्रम स्थानिक असावेत, हा दंडक आहे. ही मर्यादा नव्हे, हीच त्याची सार्थकता आहे. दिवसभर चित्रपटगीते वाजवून महानगरी निवेदकांची नक्कल करायची असेल, तर त्यासाठी महाविद्यालयाची गरज काय?

२०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. त्या काळात ज्याने टँकरच्या पाण्यावर बाग जगविली, त्या शेतकऱ्याचा अनुभव त्याच्याच बोलीत कुणी नोंदविला? जात्यावरच्या ओव्या कंठस्थ असलेल्या आजीबाईंचा आवाज कुणी जपला? हे काम विद्यार्थ्यांचे आहे. बोली लोपली की तिच्यातील शहाणपणही लोपते.

एक अडचण मात्र खरी आहे. विद्यार्थी तीन वर्षांनी बाहेर पडतो. उत्साही तुकडी गेली की केंद्र मुके होते. यंत्रसामग्री देणगीतून मिळते. परंपरा मिळत नाही, ती घडवावी लागते. ज्येष्ठाने कनिष्ठाला हाताशी धरून शिकविणे, ठरलेली वेळ न चुकविणे, नाव मागे ठेवून काम पुढे नेणे, हे संघटनेचे संस्कार येथेही तितकेच लागतात.

परवाना मिळेल तेव्हा मिळेल. ध्वनिमुद्रणाचे साधन आज प्रत्येकाच्या खिशात आहे. या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावातील एका वडीलधाऱ्याचे बोलणे शांतपणे ऐकावे आणि त्यांच्या संमतीने नोंदवून आणावे. ज्या दिवशी जालन्याच्या एखाद्या महाविद्यालयात केंद्र सुरू होईल, त्या दिवशी पहिला आवाज त्यांचा असावा.