दया विकत घेता येते काय?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेत केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



संयोजकांनी मला पहिल्या शीलावर बोलायला सांगितले आहे. मी काही विद्वान नाही. शाळा अर्धवट सोडून गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, पुढे साचेखात्यात कायम झालो आणि गिरणी बंद पडेपर्यंत तिथेच राहिलो. जे काही वाचन झाले ते दुसऱ्या पाळीवरून सुटल्यावर, घरचे झोपल्यानंतर. म्हणून मी पुस्तकी बोलणार नाही. माझ्याच घरात घडलेली एक गोष्ट सांगतो. त्यात माझी चूक आहे, हे आधीच कबूल करतो.

स्टेशनकडून विहाराकडे येताना मासे आणि पक्षी विकणारे एक दुकान लागते. एका रविवारी वंदनेला येताना माझी आठ वर्षांची नात त्या दुकानापुढे थांबली. काचेच्या पेटीत हिरवी, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी अशी कासवांची पिल्ले होती. पंधरा-वीस तरी असतील. पाणी घाण, वर चढून बसायला एक दगडसुद्धा नाही, आणि दोघातिघांचे डोळे सुजून बंद झालेले. पोरगी म्हणाली, "आजोबा, ही मरतील. आपण यांना सोडवू या ना." आता सांगा, जिला आपण दर रविवारी "पाणातिपाता वेरमणी" म्हणायला शिकवतो, तिला मी काय उत्तर देणार? खिशात हात घातला आणि दोनशे रुपयांना दोन आजारी पिल्ले घेऊन आलो. खरे सांगतो, त्या दिवशी वंदनेला बसलो तेव्हा छाती फुगली होती. आपण दोन जीव वाचवले, असे वाटत होते.

नवव्या दिवशी त्यातले एक मेले. जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा कळले की डोळे सुजतात ते अ जीवनसत्त्व न मिळाल्याने. ऊन आणि कॅल्शियम मिळाले नाही तर पाठीचे कवच मऊ पडते, वाकडे होते. या प्राण्याला पोहायला पाणी लागते तसे अंग कोरडे करून ऊन खायला जागा लागते. प्लास्टिकच्या वाडग्यात ते जगत नाही, फक्त मरायला वेळ लावते.

मी रागाने दुकानात गेलो. म्हटले, चार शब्द सुनावतो. बघतो तर पेटी पुन्हा भरलेली! मी दोन उचलली होती, त्यांच्या जागी नवी आली होती. दुकानदार काही वाईट माणूस नाही. शांतपणे म्हणाला, "काका, आजारी माल कोणी घेत नाही. तुमच्यासारखे दयाळू लोक येतात म्हणून तोही निघतो."

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. मी साच्यावर काम केलेला माणूस. तागा विकला गेला की साच्यावर नवा बीम चढतो, हे मला कोणी शिकवायला नको. कापड घेणाऱ्याने ते अंगावर घातले की दयेपोटी पेटीत ठेवले, हे साच्याला कळत नाही. साच्याला फक्त मागणी कळते. माझे दोनशे रुपये म्हणजे दुकानदाराच्या दृष्टीने पुढच्या पिल्लांची ऑर्डर होती. एक जीव सोडवायला गेलो आणि दुसऱ्या दोघांना त्याच पेटीत बसवून आलो.

ही पिल्ले येतात कुठून, ते मी नंतर वाचून काढले. त्यांना रेड इअर्ड स्लायडर म्हणतात, कानाजवळ लाल पट्टा असतो. ही मूळची अमेरिकेतली, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. तिथे मोठमोठ्या तळ्यांवर त्यांची पैदास करून जगभर विकतात. गंमत अशी की ज्या देशातून ही निघाली तिथेच १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाचे कासव पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. कारण त्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात, आणि लहान मुले कासव हाताळून तोच हात तोंडात घालतात. आयाबहिणींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

दुसरे म्हणजे हे पिल्लू तसेच लहान राहत नाही. कवच जवळजवळ फूटभर होऊ शकते आणि आयुष्य वीस-तीस वर्षांचे, कधी त्याहून जास्त. घरात मावेनासे झाले की लोक ते तळ्यात सोडतात आणि पुण्य केले म्हणतात. पण हा परदेशी प्राणी आपल्याकडच्या कासवांचे अन्न आणि ऊन खायची जागा बळकावतो. जगातल्या सर्वात उपद्रवी शंभर परक्या जिवांच्या यादीत त्याचे नाव आहे. म्हणजे एकाला सोडायचे आणि तळ्यातल्या दहांच्या तोंडचा घास काढायचा. याला दया म्हणायचे काय?

आता देशी कासवाचे बघा. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले तारा कासव. हे गुजरात-राजस्थानात आणि दक्षिणेत आंध्र, कर्नाटक, तामिळनाडूकडच्या कोरड्या रानात राहते. गवत-पाला खाते. त्याला पोहता येत नाही, तरी लोक त्याला पाण्याच्या टाकीत टाकतात आणि ते बुडून मरते. घरात कासव ठेवले की पैसा येतो, अशी एक समजूत वास्तुशास्त्राच्या नावाने पसरवली आहे. आपण दीक्षा घेताना अंधश्रद्धा सोडल्या, पण ही मागच्या दाराने आपल्याही काही घरांत शिरली आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आंध्र-कर्नाटकाच्या सीमेवरच्या एकाच व्यापारी पट्ट्यातून वर्षाला किमान पंचावन्न हजार तारा कासवे रानातून उचलली जातात, असे आढळले. एकाच पट्ट्यातून! २०१९ साली आंतरराष्ट्रीय करारानेही त्याच्या व्यापारावर सर्वात कडक बंदी घातली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते पकडणे, विकणे, विकत घेणे आणि घरात ठेवणे हा गुन्हा आहे. "मी वाचवायला घेतले" हे सांगून गुन्हा पुसला जात नाही.

आता कोणी म्हणेल, हे मिसिसिपी आणि करार राहू द्या, धम्म काय सांगतो?

अंगुत्तर निकायात भगवंतांनी उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, जिवंत प्राण्यांचा, मांसाचा, मादक पदार्थांचा आणि विषाचा. यात जिवंत प्राण्यांचा व्यापार स्वतंत्र मोजला आहे, हे लक्षात घ्या. आता व्यापार एका हाताने होत नाही. विकणारा हात आहे तसा घेणारा हात आहे. विकणाऱ्याला दोष द्यायचा आणि आपण गिऱ्हाईक होऊन मोकळे व्हायचे, हे सम्यक नव्हे.

बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात सिद्धार्थ आणि देवदत्त यांची गोष्ट दिली आहे. देवदत्ताने बाणाने पक्षी पाडला, सिद्धार्थाने तो उचलून त्याची शुश्रूषा केली. देवदत्त म्हणाला, मी मारला म्हणून माझा. सिद्धार्थ म्हणाला, मी वाचवला म्हणून माझा. वाद लवादापुढे गेला आणि लवादाने सिद्धार्थाची बाजू खरी मानली. ही गोष्ट आपण मुलांना पन्नास वेळा सांगतो. पण एक गोष्ट मला त्या रात्री पहिल्यांदा दिसली. सिद्धार्थाने देवदत्ताला पक्ष्याची किंमत दिली नाही! राजाचा मुलगा होता, दोन नाणी टाकून भांडण मिटवू शकला असता. पण मग देवदत्ताने दुसऱ्या दिवशी दहा पक्षी पाडून आणले असते. सिद्धार्थाने पैसा दिला नाही, न्याय मागितला.

आपल्या समाजाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. वेठबिगारीत पिढ्यान् पिढ्या माणसे गहाण पडली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने सावकाराला पैसे देऊन माणसे सोडवली नाहीत. ते कर्जच रद्द केले. पैसे दिले असते तर सावकाराचा धंदा आणखी जोरात चालला असता. जे माणसाच्या बाबतीत खरे, ते मुक्या जिवाच्या बाबतीत खोटे कसे असेल?

पण इथे मला थांबले पाहिजे. हे भाषण मी आधी घरात बोलून दाखवले तेव्हा माझी पत्नी म्हणाली, "तुमचा हिशेब बरोबर आहे. पण त्या पेटीतल्या पिल्लाला तुमचा हिशेब कळतो का? ते तर आज मरतंय." या प्रश्नाला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. ज्याचे दुःख त्याला पूर्णच असते. पंधरातले एक म्हणून ते कमी होत नाही. म्हणून ज्याने दयेने विकत घेतले त्याला मी पापी म्हणणार नाही. मीही त्यातलाच आहे. बाबासाहेबांनी लिहिले आहे की भगवंतांनी अहिंसा हा आंधळा नियम म्हणून दिला नाही, तत्त्व म्हणून दिला. तत्त्व माणसाला विचार करायला लावते. करुणेला प्रज्ञेची जोड हवी, ती याचसाठी. नुसती करुणा खिशात हात घालते. प्रज्ञा विचारते, या पैशाने उद्या काय होईल?

मग मरू द्यायचे काय? नाही. करण्यासारखे पुष्कळ आहे.

देशी कासव, पोपट, साप विकताना दिसला तर पैसे काढू नका, फोन काढा. महाराष्ट्र वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. जप्त झालेल्या जिवामागे व्यापाऱ्याचा तोटा होतो, विकत घेतलेल्या जिवामागे नफा. फरक एवढाच, पण सगळा त्यातच आहे. परदेशी प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत. दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, जागा, स्वच्छता, आजारी प्राण्यावर उपचार या अटी आहेत. एकट्याने विचारले तर दुकानदार हसेल. वीस जणांच्या सहीचे पत्र विहाराच्या वतीने गेले तर तो हसणार नाही. एकट्याने साचा थांबवला तर मुकादम दम देतो, सगळे खाते थांबले की मालकाला जिना उतरावा लागतो, हे आम्ही पाहिलेले आहे.

आजारी पिल्लू बघवत नसेल तर दुकानदाराला सांगा, "फुकट देत असशील तर नेतो, औषधपाणी करतो. पैसे देणार नाही." आणि ज्यांच्या घरी असे कासव आधीच आहे आणि नकोसे झाले आहे, त्यांच्याकडून ते घ्या. तिथे नवी ऑर्डर जात नाही. मात्र तळ्यात, खाडीत, नाल्यात सोडू नका.

शेवटची गोष्ट अवघड आहे. आपल्याच वस्तीतला एक मुलगा अशा दुकानात कामाला आहे. त्याची आई मला विचारत होती, "भाऊ, त्याने नोकरी सोडावी का?" गिरणी बंद पडल्यावर चूल कशी विझते ते मी अनुभवले आहे, म्हणून उपाशी रहा असे मी कोणाच्या पोराला सांगणार नाही. पण दुसरे काम शोधायला आपण सगळ्यांनी त्याला मदत करावी, आणि तोपर्यंत त्याने निदान त्या पेटीत एक दगड ठेवावा, पाणी रोज बदलावे. गेल्या महिन्यात त्याने दगड ठेवला आहे. मी जाऊन पाहिला.

वर्षावास आपण का पाळतो? पावसाळ्यात भिक्षू फिरले तर हिरवे गवत आणि बारीक जीव पायाखाली चिरडतात, अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून भगवंतांनी एका जागी राहायला सांगितले. म्हणजे काही वेळा न करणे, पाऊल न टाकणे, हीच मैत्री असते. दुकानाच्या पायरीवर पाऊल न टाकणे हेही तसेच आहे.

माझे वाचलेले कासव अजून घरात आहे. आता तळहाताएवढे झाले आहे. गॅलरीत टब ठेवला आहे, सकाळचे ऊन येते. मी पंचावन्न वर्षांचा आहे. हिशेब केला तर ते माझ्या मागे राहणार. नातीला मी सांगून ठेवले आहे की हे आपण विकत घेतले, ही चूक होती. पण घेतले आहे तर त्याचा सांभाळ शेवटपर्यंत करायचा. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याबरोबर त्यांचा सांभाळ करण्याचीही प्रतिज्ञा आपण घेतली आहे. परवा ती पुन्हा त्या दुकानासमोर थांबली. पैसे मागितले नाहीत. वहीचे पान फाडून म्हणाली, "आजोबा, ते सह्यांचं पत्र कधी लिहायचं?"

ते पत्र आज मी सोबत आणले आहे. सभा संपल्यावर दाराजवळच्या टेबलावर ठेवतो. वाचा, पटले तर सही करा.

नमो बुद्धाय, जयभीम.