पुडीबंद निरोप

आत्ता रेडिओचा आवाज वाढवायला तुम्ही बोट हलवलंत, तर त्या स्नायूला मज्जातंतूकडून निरोप गेलेला असतो. तंतूतून तो विजेच्या लहरीसारखा येतो, पण तंतूचं टोक आणि स्नायू यांच्यात बारीक फट असते. ती ओलांडतं ॲसिटिलकोलीन हे रसायन.

१९५०च्या सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पॉल फॅट आणि बर्नार्ड कात्झ बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करत होते. तंतू स्वस्थ असतानाही स्नायूत जेमतेम अर्ध्या मिलिव्होल्टचे ठोके उमटत. यंत्राची खरखर म्हणून त्यांनी ते सोडून दिले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे कात्झ आणि त्यांचे सहकारी देल कास्तियो यांना दिसलं, की मोठा संदेशही अशाच ठोक्यांचा बनलेला असतो. म्हणजे रसायन पाझरत नाही, पुड्यांनी सुटतं. एक पुडी, दोन पुड्या, अर्धी नाही.

या पुड्या म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे २५,०००व्या भागाएवढ्या पिशव्या. प्रत्येकीत हजारो रेणू ठासून भरलेले. लहर टोकाशी आली की कॅल्शियम आत शिरतं, पिशव्या पेशीच्या आवरणाला मिळतात आणि क्षणार्धात रिकाम्या होतात. मग ते आवरण आत ओढून नव्या पिशव्या घडतात, पुन्हा भरतात.

या कामासाठी १९७०च्या नोबेलमध्ये कात्झ वाटेकरी होते.

खराब झालेल्या डबाबंद अन्नातलं बोटुलिनम विष नेमकं पिशव्या रिकाम्या होतात तिथेच घाव घालतं. पिशवी आवरणाला जोडणारी प्रथिनं ते तोडतं. पिशव्या भरलेल्याच राहतात आणि स्नायू लुळा पडतो.