माणसांची निर्यात



फिलिपाईन्सचा कामगार देशांतराच्या हौसेने घर सोडतो, असे मानणाऱ्यांनी त्या देशाचा आर्थिक इतिहास तपासून पाहावा. १९७४ साली मार्कोस राजवटीने कामगार संहिता जारी केली आणि परदेशी नोकरी हा राज्याच्या धोरणाचाच भाग बनला. काळ लक्षात घ्या. १९७३ च्या तेलदरवाढीने त्या देशाचा आयातखर्च फुगला होता आणि त्याच तेलाच्या पैशावर आखातात बांधकामे उभी राहत होती. काम मागणारा तरुण बाहेर गेला, त्याने कमावलेले परकीय चलन मात्र आत आले. राज्यकर्त्यांची दुहेरी सोय झाली.

ही बेकारी आकाशातून पडली नव्हती. १९७२ ची जमीनसुधारणा भात व मका यांच्या जमिनींपुरतीच राहिली. उसाचे मळे वगळले गेले. पुढे साखरेचे भाव कोसळले, तेव्हा निग्रोस बेटावरील मळेमजुरांवर उपासमारीची पाळी आली. उद्योग परक्या कर्जावर पोसले होते; १९८३ मध्ये त्या कर्जाची परतफेड थांबवावी लागली. १९८४ आणि १९८५ या दोन्ही वर्षी राष्ट्रीय उत्पन्न सुमारे ७ टक्क्यांनी घटले. मायदेशी शाळेत शिकविणारी स्त्री हाँगकाँगमध्ये मोलकरीण झाली, कारण तेथील मोलकरणीचा पगार तिच्या शिक्षिकेच्या पगाराहून अधिक होता.

१९८२ च्या हुकुमाने खलाशांवर पगाराचा ८० टक्के भाग बँकांमार्फत मायदेशी पाठविण्याची सक्ती झाली. हाँगकाँगमधील मोलकरणी त्या सक्तीविरुद्ध संघटित झाल्या आणि १९८५ मध्ये सरकारला हुकुमातील शिक्षेच्या तरतुदी मागे घ्याव्या लागल्या. परमुलखात, एकेकट्या घरात राबणाऱ्या स्त्रियांनी मिळविलेला हा विजय आपण विसरता कामा नये.

आर्थिक वाढ टिकविण्याचे साधन म्हणून राज्य परदेशी नोकरीचा पुरस्कार करीत नाही, असे १९९५ चा कायदा बजावतो. परंतु २०२३ मध्ये स्थलांतरितांनी बँकांमार्फत ३,३०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम घरी पाठविली, आणि तिच्यावाचून तेथील अर्थव्यवस्थेचे पान हलत नाही. या पैशाने घरे बांधली जातात, मुले शिकतात, हे खरेच. पण मुलगी परिचारिका होते आणि तीही विमानतळाची वाट धरते. जमीन आणि कारखानदारी यांचे प्रश्न जागच्या जागीच राहतात.

कामगाराला देशाबाहेर जाण्याचा हक्क हवाच. परंतु स्वतःच्या गावी राहून सन्मानाने जगण्याचा हक्क त्याच्या आधी येतो. तो मिळेपर्यंत पहिल्या हक्काला स्वातंत्र्य म्हणणे ही फसवणूक होय.