नोंदीवाचून मदत नाही
(प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेतील भाषण)



दुर्बळाला आधार द्यावा, ही शिकवण मराठवाड्याच्या मातीला नवीन नाही. नांदेडच्या गुरुद्वारातील लंगरात पंगतीला बसणाऱ्याची जात विचारली जात नाही, की त्याचे गावही विचारले जात नाही. खेड्यापाड्यांतही आंधळ्यापांगळ्याला भाकरी मिळते. परंतु भाकरीने एका दिवसाची भूक भागते, आयुष्य उभे राहत नाही. ज्याला दिसत नाही त्याला ब्रेल लिपी शिकविणे, ज्याला ऐकू येत नाही त्याला श्रवणयंत्र मिळवून देणे, ज्या सैनिकाने देशासाठी पाय गमावला त्याच्या घराची घडी पुन्हा बसविणे, ही कामे एकट्यादुकट्या दात्याच्या हातची नव्हेत. ती राज्यसंस्थेची आहेत आणि गावाच्या अगदी जवळ असलेली राज्यसंस्था म्हणजे जिल्हा परिषद, पंचायत समिती व ग्रामपंचायत. या संस्था आणि त्यांच्या मदतीला पात्र असलेली माणसे यांच्यामध्ये गावच्या शिक्षकाचे स्थान कोणते, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

माजी सैनिक आणि दिव्यांग हे दोन वर्ग वरवर पाहता निराळे वाटतात. तथापि त्यांच्या सेवेचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावून परतलेल्या हिंदी सैनिकांना हस्तव्यवसाय शिकविण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था निघाली आणि पुढे ती पुण्याजवळ खडकीला स्थिरावली. दुसऱ्या महायुद्धात पाठीचा कणा जायबंदी झालेल्या सैनिकांवर इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गटमन उपचार करीत. अंथरुणाला खिळलेला माणूस खेळू शकतो, हे त्यांनी ओळखले आणि २९ जुलै १९४८ रोजी चाकांच्या खुर्चीत बसलेल्या सोळा जखमी सैनिक स्त्रीपुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. आज जगभरचे दिव्यांग खेळाडू ज्या पॅरालिंपिक स्पर्धांत उतरतात, त्यांचा उगम या लहानशा स्पर्धेत आहे.

या प्रवाहाला महाराष्ट्रातील एक सैनिकही येऊन मिळाला. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर या गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. पायांतील बळ गेले, पण हातांतील राहिले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर मुक्त पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. भारताच्या कोणाही खेळाडूने ऑलिंपिक वा पॅरालिंपिकमध्ये मिळविलेले ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक होय. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्यावयाच्या. सैनिकाचे ऋण म्हणून जी सोय प्रथम झाली, तिचा लाभ पुढे साऱ्या दिव्यांगांना मिळाला, ही पहिली. गेलेले अंग मोजण्याऐवजी उरलेली शक्ती मोजली, तरच माणूस उभा राहतो, ही दुसरी. शिक्षकाला ही दुसरी गोष्ट विशेष सांगावयास नको. पाटीवरची चूक पाहतापाहता मुलाची समज ओळखणे हाच त्याचा व्यवसाय आहे.

नांदेड व लातूरच्या प्रदेशात ही व्यवस्था उशिरा आली. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या. उस्मानाबादमधून लातूर हा स्वतंत्र जिल्हा निघाला तो १९८२ साली. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त केली. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे दगावली. जे वाचले त्यांतील कितीतरी जणांना मोडलेल्या हाडांचे आणि दुखावलेल्या कण्याचे ओझे जन्मभर वाहावे लागले. दिव्यांगत्व हे कोणा एका घराचे नशीब नाही आणि गेल्या जन्मीचे पापही नाही. ते एका पहाटेत कोणाच्याही दारी येऊ शकते, हे लातूर जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिलेले आहे.

आता कायद्याकडे वळावे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार एकवीस झाले. अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरता व चलनवलनाची अक्षमता यांच्या जोडीला स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, वाचादोष, तसेच किनवट-माहूरच्या आदिवासी भागातील शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावा असा सिकलसेल आजार, हेही त्यात आले. चाळीस टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. याच कायद्याच्या सतराव्या कलमाने शासन व स्थानिक संस्था यांच्यावर एक स्पष्ट जबाबदारी टाकली आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करावयाची, दिव्यांग मुले ओळखावयाची, त्यांच्या गरजा कोणत्या व त्यांपैकी किती भागल्या हे तपासावयाचे. पाहणीचे हुकूम वरून निघतील. पण पाहणारे डोळे शिक्षकाचेच असणार.

पैशाची तरतूदही कायद्याच्या व शासनाच्या आदेशांनी केलेली आहे. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांनी व ग्रामपंचायतींनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. दिव्यांगांच्या कामासाठी राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन केला. आता एक साधा हिशेब पाहावा. एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न दोन लाख रुपये असेल, तर दहा हजार रुपये दिव्यांगांचे झाले. रक्कम लहान आहे. पण तेवढ्यात एखाद्या मुलाची तीनचाकी येऊ शकते, शाळेच्या दाराशी उतार बांधता येतो. परंतु गावात दिव्यांग किती आणि कोण, याची यादीच दप्तरात नसेल, तर खर्च कोणावर करावयाचा? असे पैसे मग कागदावर राहतात आणि ज्याच्यासाठी ते ठेवले तो ओट्यावर बसून राहतो. नोंदीवाचून मदत नाही, हे या सर्व व्यवस्थेचे पहिले आणि कठोर सूत्र आहे.

ही नोंद कोठून सुरू होते? वर्गातून. पुस्तक नाकाशी धरून वाचणारा मुलगा, हाक मारली असता एकच कान पुढे करणारी मुलगी, फळ्यावरचे अक्षर नेहमीच चुकीचे उतरविणारा विद्यार्थी, सपाट जमिनीवरही वरचेवर अडखळून पडणारे मूल, मध्येच क्षणभर हरवल्यासारखे होऊन पुन्हा भानावर येणारे मूल, ही सारी पुष्कळदा 'मठ्ठ' किंवा 'आळशी' म्हणून शेवटच्या रांगेत बसविली जातात. त्यांतील कित्येकांना चष्म्याची, श्रवणयंत्राची वा औषधाची गरज असते, छडीची नव्हे. शिक्षकाने रोगाचे निदान करावयाचे नाही. ते वैद्यांचे काम. त्याने जे दिसले ते तारखेसह लिहून ठेवावे, पालकांशी एकांतात बोलावे आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल त्या दिवशी ते मूल गैरहजर राहणार नाही, एवढे पाहावे. २०१३ पासून ही पथके शाळाशाळांतून तपासणी करीत आहेत. तपासणीच्या दिवशी नेमके तेच मूल घरी ठेवले जाते, असा प्रकार घडू नये. कारण घरच्यांना लाज वाटते, आणि ती लाज घालविण्याची शक्ती गावात शिक्षकाच्या शब्दाइतकी दुसऱ्या कोणाच्या शब्दात नाही.

तपासणीनंतरची पायरी प्रमाणपत्राची. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र केंद्र शासनाच्या संगणकीय प्रणालीतूनच मिळते आणि त्याबरोबर वैश्विक ओळखपत्र येते. एस.टी.च्या भाड्यातील पंचाहत्तर टक्के सवलत, संजय गांधी निराधार अनुदान, कृत्रिम अवयव व उपकरणे, दहावीच्या परीक्षेतील लेखनिक व जादा वेळ, या साऱ्यांची किल्ली हे प्रमाणपत्र आहे. पण माहूर-किनवटकडील मजुराला नांदेड शंभराहून अधिक किलोमीटर पडते. एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली आणि दोन माणसांचे भाडे गेले. आधारपत्र राहिले म्हणून परत यावे लागले, तर तो बाप दुसऱ्यांदा जाण्याचे धाडस करीत नाही. येथे शिक्षकाने पाऊण तास खर्च केला, तर एका घराचे वर्ष वाचते. अर्ज आधी भरून द्यावा. आधार, छायाचित्र, रहिवासाचा पुरावा व जुने वैद्यकीय कागद एका पिशवीत घालून द्यावेत. केंद्रातील चारपाच मुले असतील, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या व विशेष शिक्षकांच्या सल्ल्याने ती एकाच दिवशी पाठवावीत. मुलांचे प्रमाणपत्र काही वेळा मुदतीचे असते. ती मुदत शाळेच्या नोंदवहीत लिहून ठेवावी, म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर धावाधाव होत नाही.

माजी सैनिकांच्या बाबतीत गोष्ट थोडी निराळी आहे. झेंडावंदनाला सुभेदारसाहेबांना मानाने खुर्ची दिली जाते. मग पुढच्या झेंडावंदनापर्यंत त्यांची आठवण होत नाही. त्यांच्या सोयीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. निवृत्तिवेतनाच्या अडचणी, मुलांच्या शिक्षणाची मदत, वीरपत्नींचे प्रश्न ही त्याची कामे. २०२० साली राज्य शासनाने माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांच्या घराला मालमत्ताकरातून सूट दिली. ती ग्रामपंचायतीच्या दप्तरात उतरावी लागते, आणि त्यासाठी सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. जेथे फौजी घरे वाडीवस्तीवर एकेकटी विखुरलेली आहेत, तेथे शेजाऱ्याकडून अशी माहिती मिळण्याचा मार्ग नसतो.

शाळेचा या घरांशी आणखी एक जवळचा संबंध आहे. सैनिकाच्या सेवापुस्तकातील मुलाचे नाव व जन्मतारीख एक, आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील दुसरी, एवढ्या फरकाने अर्ज अडतो. सैनिकाचा मुलगा वा मुलगी दाखल होईल तेव्हाच बापाच्या कागदावरून नाव व तारीख ताडून पाहावी. पुढे एखादी विधवा माता हातात कागद धरून कचेरीच्या पायऱ्या चढेल, तेव्हा आज नीट लिहिलेले ते एक अक्षर तिच्या कामी येईल. सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून दर वर्षी ७ डिसेंबरला पाळला जातो. ध्वजनिधीसाठी मुलांच्या हाती डबा देणाऱ्या शिक्षकाने त्या दिवशी गावातील फौजी घरांची यादीही करावी. मुलांनाही कळावे की हा पैसा दूर कोठे जात नाही. तो शेवटी अशाच घरांकडे वळतो.

यावर शिक्षकांची एक तक्रार असते, आणि ती खोटी नाही. आधीच याद्या, तक्ते, माहित्या यांनी शिकविण्याचा वेळ खाऊन टाकला आहे, त्यात हे आणखी एक ओझे कशाला? शिक्षणहक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने शिक्षकाला ठराविक कामांखेरीज अशैक्षणिक कामांस जुंपण्याची मनाई केली आहे, ती योग्यच आहे. परंतु जे मूल ऐकू न आल्यामुळे शिकत नाही, त्याला ऐकू येण्याची सोय करणे हे अशैक्षणिक काम म्हणता येईल काय? ते तर पहिल्या धड्याच्याही आधीचे काम आहे. वरच्या कचेऱ्यांनीही एक पथ्य पाळावयास हवे. शिक्षकाकडून यादी घेतली, तर तिचे पुढे काय झाले हे त्याला कळविले पाहिजे. उत्तर न येणाऱ्या पत्राला दुसऱ्यांदा कोणी मन लावून लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहत नाही. लंगड्या, बहिऱ्या, येडी, ही नावे शाळेच्या आवारात उच्चारली जाता कामा नयेत. ज्याचे जे नाव आईबापांनी ठेवले, त्याच नावाने त्याला हाक मारावी. हजेरीपटावर ते मूल इतरांसारखेच एका ओळीचे धनी असते; त्याची ओळ लहान नसते. ते नाव शुद्ध लिहिणे, मोठ्याने उच्चारणे आणि जेथे जेथे त्याचा हक्क आहे त्या प्रत्येक यादीत पोहोचविणे, एवढे ज्या शाळेत घडेल, तेथे कायद्याचे कागद कामाला लागतील. निधी जिल्ह्याला आहे, हुकूम मुंबईला आहे; पण त्या मुलाचा पत्ता गावच्या शिक्षकालाच ठाऊक आहे.