अर्जासोबतचे पत्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत तरुण सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत अशा विषयांच्या पंक्तीस नोकरीच्या अर्जाचा विषय काहीसा रुक्ष वाटेल. परंतु आपल्यापैकी बहुतेकांची कुटुंबे या चेन्नई शहरी येऊन स्थिरावली ती कोणाच्या तरी नोकरीच्या अर्जामुळेच, हे ध्यानात घेतले म्हणजे तो अगदीच परका वाटणार नाही.

प्रथम एक खुलासा करतो. लोकसेवा आयोग किंवा कर्मचारी निवड आयोग यांच्या परीक्षांना बसणाऱ्यांनी आज संगणकावरचे रकाने बिनचूक भरावेत. तेथे पत्राला जागाच नाही. पण खासगी कंपन्या, शाळा, रुग्णालये, संशोधनसंस्था आणि सरकारातील कित्येक कंत्राटी पदे यांच्यासाठी बायोडेटासोबत एक पत्र जाते. त्यालाच आपण कव्हरिंग लेटर म्हणतो. अशी पत्रे चाळण्याचे काम माझ्याकडे अनेकदा आले आहे, आणि त्यांतील बहुसंख्य पत्रांचे एकच दुखणे मला दिसले. ती लिहिणाऱ्याविषयी सर्व काही सांगतात. वाचणाऱ्याला काय हवे आहे, याचा त्यांना पत्ताच नसतो.

याचे मूळ ‘अर्ज’ या शब्दातच असावे. शब्द अरबी, अर्थ विनंती. अर्ज म्हटला की आपण हात जोडतो. घरची परिस्थिती बेताची आहे, संधी दिल्यास ऋणी राहीन, असे लिहून मोकळे होतो. वस्तुतः विनंतीची रीत आपल्या जुन्या पत्रांतही होती. ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असा मायना आपले आजोबा-पणजोबा लिहीत. पण ‘विशेष’ म्हटल्यावर लगेच कामाचा मजकूर सुरू होई. आमची आजची पत्रे नमस्कार करीत राहतात आणि ‘विशेष’पर्यंत पोहोचतच नाहीत.

या बाबतीत एका कारकुनाची दोन पत्रे मला फार बोलकी वाटतात, आणि ती दोन्ही आपल्याच शहरातून गेलेली आहेत. कारकुनाचे नाव श्रीनिवास रामानुजन.

पहिले पत्र 9 फेब्रुवारी 1912 चे. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाची जागा रिकामी असल्याचे समजल्यावरून त्यांनी अर्ज केला. मॅट्रिक झालो आहे, एफ. ए. पर्यंत शिकलो, प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आले नाही, तथापि सर्व वेळ गणितास वाहिला आहे, नेमणूक झाल्यास कामाला न्याय देईन, अशा आशयाच्या चार ओळी. प्रामाणिक, नीटनेटक्या, पण शेकडो अर्जांत हरवून जातील अशा. हिशेबाच्या कचेरीला या गणिताचा काय उपयोग, हे त्यांत कोठेच नाही. ते काम सोबत जोडलेल्या शिफारशीने केले. प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांनी अर्जदाराच्या असामान्य गणिती बुद्धीबरोबरच तो आकडेमोडीत अत्यंत चपळ असल्याचे लिहिले होते. कचेरीला हवे होते ते हे वाक्य. 1 मार्च 1912 रोजी रामानुजन दरमहा 30 रुपयांवर रुजू झाले.

दुसरे पत्र 16 जानेवारी 1913 चे, केंब्रिजच्या हार्डी यांना. हे नोकरीसाठी नव्हते, पण अनोळखी माणसाने आपले काम वाचावे म्हणून लिहिलेले होते. आणि कव्हरिंग लेटरचा हेतू याहून वेगळा तो काय? आपण लेखाविभागातील वीस पौंड सालाचे कारकून आहोत आणि विद्यापीठाचे शिक्षण आपणास नाही, हे ते आरंभीच सांगून टाकतात. मग हार्डींच्याच एका पुस्तिकेचे 36 वे पान दाखवून म्हणतात की, मूळ संख्यांविषयीचे जे सूत्र अद्याप सापडले नाही असे आपण येथे म्हणता, त्याच्या अगदी जवळ जाणारे सूत्र मला सापडले आहे. सोबत प्रमेयांची पाने. शेवटी मागणी: मी गरीब आहे, यात काही मोलाचे वाटल्यास ते प्रसिद्ध व्हावे. तो मूळ संख्यांचा दावा पुढे त्यांनी मानला तितका अचूक ठरला नाही, ही गोष्ट अलाहिदा. पण हार्डींनी पाने वाचली, 8 फेब्रुवारीला उत्तर लिहिले, आणि 1914 च्या मार्चमध्ये रामानुजन इंग्लंडच्या जहाजात बसले.

लिहिणारा तोच. दुसऱ्या पत्रात त्याने वाचणाऱ्याच्या मनात आधीपासून असलेला प्रश्न हाती धरला, एवढाच फरक. रामानुजनांची बुद्धी तुम्हा-आम्हाजवळ नाही. पण ही रीत उचलायला बुद्धी लागत नाही, जाहिरात दोनदा वाचावी लागते.

समजा, कोइमतूरच्या एका यंत्रांच्या कारखान्याला लेखासहायक हवा आहे. जाहिरातीत म्हटले आहे की जीएसटीची विवरणे भरता आली पाहिजेत आणि पुण्याच्या पुरवठादारांशी पत्रव्यवहार करावा लागेल. आमचा बी. कॉम. मुलगा लिहितो, ‘मी मेहनती व प्रामाणिक असून आपल्या नामांकित संस्थेत काम करण्यास उत्सुक आहे.’ त्याने असे लिहावे: ‘सध्या मी एका व्यापाऱ्याकडे दरमहा खरेदीची नोंदवही जीएसटीच्या 2बी विवरणाशी ताडून पाहतो व न जुळणाऱ्या बिलांबाबत पुरवठादारांना स्वतः कळवितो. पुण्याच्या पुरवठादारांशी मी मराठीत आणि कारखान्यातील मंडळींशी तमिळमध्ये बोलू शकेन.’ दोनच वाक्ये. पण पहिल्यात काम दिसते, आणि दुसऱ्यात असे काही आहे जे पुण्याच्या उमेदवाराजवळ सहसा नसेल आणि कोइमतूरच्याही नसेल. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, शाळेत इंग्रजी आणि हिंदी, हे आपल्या मुलांना इतके अंगवळणी पडले आहे की बायोडेटाच्या तळाशी ‘ज्ञात भाषा’ या रकान्यात ते पुरून टाकतात. जेथे कामाशी संबंध असेल तेथे ते पत्राच्या वरच्या अंगास आणा. संबंध नसेल तर मात्र राहू द्या.

वर्ष वाया गेले असेल, वडिलांच्या बदलीमुळे शिक्षण तुटले असेल, तर तेही एका वाक्यात सांगावे आणि पुढे जावे. रामानुजनांनी आपले अपुरे शिक्षण दोन्ही पत्रांत सांगितले, पण एकाही पत्रात त्यावर रडत बसले नाहीत.

तयार नमुन्यांविषयी थोडे. पूर्वी बाजारातल्या पत्रलेखनाच्या पुस्तकांतून मजकूर उतरवीत, आज संगणकाला सांगितले की तो क्षणात पत्र लिहून देतो. इंग्रजी शुद्ध असते, हे मान्य. पण एकाच घाटाची पत्रे एकापाठोपाठ समोर आली की वाचणारा पहिल्या ओळीनंतर पान उलटतो. भाषा तपासण्यापुरते यंत्र अवश्य वापरा. आपण काय केले, हे त्याला ठाऊक नाही.

बाकीचे किरकोळ. जाहिरातीचा क्रमांक व पदाचे नाव विषयाच्या ओळीत हवे. मजकूर एका पानाच्या आत असावा. दुसऱ्या कंपनीचे नाव चुकून राहिलेले पत्र मी पाहिले आहे. त्याचे काय झाले ते सांगत नाही.

पुढचे दोन रविवार सकाळी मी मंडळाच्या वाचनालयात बसणार आहे. ज्यांना आपले पत्र दाखवायचे असेल त्यांनी खुशाल यावे. येताना जाहिरातही बरोबर आणा; तिच्यावाचून मी पत्र वाचणार नाही.