वाहनशाळेची जमीन आणि ओल

(जीर्णोद्धारानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जीर्णोद्धार म्हटला की भाविकांचे लक्ष शिखराकडे व कळसाकडे जाते, आणि देणगीही तिकडेच वळते. वाहनशाळेच्या जमिनीसाठी म्हणून पावती फाडणारा विरळाच. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात अंबाबाईचा रथ निघतो. गावोगावचे रथही असेच. एक दिवस चालतात, उरलेले वर्ष उभे असतात. त्यांचे आयुष्य ठरते ते छपराखालच्या जमिनीवर.

कोडोली हे वारणाकाठचे गाव. या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओल फार दिवस धरून ठेवते. काँक्रीट दिसायला दगडासारखे; परंतु त्यात केसाहून बारीक छिद्रे असतात. समईची वात तेल ओढते, तसे ते खालचे पाणी वर ओढते. वरून जमीन कोरडी दिसली तरी वाफ निघतच राहते. मग चाकाचे लाकूड कुजते, लोखंडी धाव गंजते, ट्रॉलीचा पत्रा खालून सडतो. पांढरा लोणा फुटला की ओळखावे.

उपाय तळापासूनच करावा लागतो. काळी माती काढून मुरमाचे थर पाणी मारून धुमसावेत. त्यावर दगडी सोलिंग, फटींत बारीक खडी. त्यावर दोन इंच वाळू, कारण दगडाची टोके कागद फाडतात. मग हजार गेजचा, म्हणजे २५० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद. जोडावर किमान सहा इंच एकावर एक घेऊन चिकटपट्टी लावावी आणि कडा भिंतीला वर वळवाव्यात. घमेली घेऊन कामगार याच कागदावरून फिरतात. तेथे मुकादमाने स्वतः उभे राहावे. वर चार ते सहा इंच काँक्रीट, किमान सात दिवस पाणी. खर्चाच्या अंदाजपत्रकात सर्वांत स्वस्त बाब हा कागद, आणि काटछाट होते तीही बहुधा त्याचीच!

जुनी जमीन असेल तर दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा. खालच्या अंगाला थेंब आले तर ओल जमिनीतली. वरच्या अंगाला आले तर हवेतली. हवेतल्या ओलीला समोरासमोर झरोके पुरतात. जमिनीतली असेल तर वरून रंग फासू नये, तो पापुद्र्याने सुटतो. जुन्या जमिनीवरच कागद अंथरून नवा थर घालावा, आणि दाराची उंची त्याआधी मोजून घ्यावी, नाहीतर रथाचा कळस चौकटीला अडतो.